हॉस्टेलची रेक्टर झाले आहे. तुम्हाला तेव्हा काय हवं होतं?

शेवंती
नमस्कार. गेली अकरा वर्षं मी एका जिल्ह्याच्या ठिकाणी कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवते. या जूनपासून मुलींच्या हॉस्टेलची जबाबदारी माझ्याकडे आली आहे. १८० मुली, तिघी-तिघींच्या ६० खोल्या, तळमजल्यावर मेस. बहुतेक मुली खेड्यांतल्या, बऱ्याच जणी पहिल्यांदाच घर सोडून आलेल्या.

धागा काढायला कारण मागच्या वर्षीचं आहे. गौरी-गणपतीला हॉस्टेल जवळजवळ रिकामं झालं होतं. दुसऱ्या वर्षाची एक मुलगी अभ्यासासाठी मागे राहिली. तिला ताप भरला आणि दोन रात्री ती खोलीत एकटी पडून होती. तिसऱ्या दिवशी झाडायला आलेल्या मावशींनी दार वाजवलं, आतून उत्तर येईना म्हणून खिडकीतून डोकावलं. डेंग्यू निघाला. प्लेटलेट्स २८ हजारांवर आल्या होत्या. पोरगी वाचली, आता तिसऱ्या वर्षाला आहे. पण त्या दोन दिवसांत वीसेक मुली त्याच जिन्यावरून वर-खाली करत होत्या आणि कुणालाच काही कळलं नाही. हे माझ्या मनातून जात नाही.

संस्थेने तीन गोष्टी सुचवल्या आहेत: कॉरिडॉरमध्ये कॅमेरे, समुपदेशकाच्या नंबरचा फलक, दर महिन्याला अभिप्राय फॉर्म. तिन्ही होतील. पण कॅमेऱ्यात बंद दारच दिसलं असतं, आणि तापाने फणफणलेल्या मुलीने फॉर्म भरला नसता. तुम्ही हॉस्टेलात राहिलेले आहात. तेव्हा काय असतं तर बरं झालं असतं, ते सांगा.

गवतीचहा
ताई, अभिनंदन. थेट सांगते. पहाटे गरम पाणी, बाथरूमच्या दाराला लागणारी कडी आणि पॅड टाकायला झाकणाचा डबा. तीन वर्षं अर्ज करूनही आम्हाला यातलं काही मिळालं नाही. आमच्या मजल्यावर ३२ जणींत चार बाथरूम, त्यातल्या एकीची कडी नाडीने बांधलेली. एक आत गेली की दुसरी बाहेर दार धरून उभी. कार्यक्रम, शिबिरं नंतर घ्या. आधी कड्या बसवा.

हुरडा
गवतीचहाशी सहमत. आमच्या विदर्भात त्यात कूलर आन् प्यायचं थंड पाणी घाला. उन्हाळी परीक्षेच्या वक्ताला पारा ४५ च्या वर जाते, पोट्टे ओल्या चादरी घेऊन गच्चीवर झोपत. डोकं तापलं असलं की बारक्या गोष्टीवरून भांडणं होतात, अन् मग रेक्टरले वाटते पोरं वाईट आहेत.

मांजराकाठ
मी पालक म्हणून लिहितो. माझी मुलगी गेल्या वर्षापासून लातूरहून पुण्यात शिकायला आहे. आम्हाला एकच पाहिजे, मुलगी वेळेत आत आली का नाही ते कळायला हवं. गेटवर बोटाची हजेरी, साडेसातनंतर प्रवेश बंद आणि गैरहजर असली तर घरी मेसेज. कॅमेऱ्यांना माझा पूर्ण पाठिंबा.

रानमोगरा
काका, मी सध्या हॉस्टेललाच राहते. आमच्याकडे हे सगळं आहे. बोटाची हजेरी सात वाजता होते, म्हणजे मी सातला जिवंत होते एवढं बाबांना कळतं. लायब्ररी रात्री अकरापर्यंत उघडी असते, पण ती मुलांसाठी, कारण आम्ही साडेसातला आत. मला मायग्रेन आहे. मागच्या सेमिस्टरला दीड दिवस अंधार करून पडले होते. हजेरीच्या वेळी खाली जाऊन अंगठा लावून परत आले. रजिस्टरवर मी हजर होते.

मेसेज घरी जातो म्हणून मुली खोटं बोलायला शिकतात. अडचणीत सापडल्या तरी रेक्टर मॅमना सांगत नाहीत, कारण सांगितलं की पहिला फोन घरी, आणि घरचे म्हणणार, ये परत, झालं तेवढं शिक्षण पुरे. ही भीती तुम्हाला वाटते त्यापेक्षा फार मोठी आहे.

मांजराकाठ
बाळा, "अंगठा लावून परत आले" हे वाक्य दोनदा वाचलं. आज मुलीला फोन करतो. ती कुठे आहे हे नाही विचारणार, जेवली का विचारतो.

कोयनाकाठ
शेवंतीताई, तुमच्या प्रश्नाचं माझ्याकडे एकच उत्तर आहे: खाड्याची वही.

मी ९० च्या दशकात कोल्हापुरात हॉस्टेलला होतो. मेस आम्ही पोरंच चालवायचो. महिन्याला एक मेस सेक्रेटरी, बाजार त्याने आणायचा, हिशोब त्याने लिहायचा, महिनाअखेरीला खर्च भागिले ताटं. स्वयंपाकघराच्या दाराला खिळ्यावर सुतळीने बांधलेली एक वही असायची. गावी जायचं असलं की आदल्या रात्रीपर्यंत त्यात खाडा टाकायचा, कमीत कमी तीन दिवसांचा, तरच पैसे वजा. म्हणजे खाडा टाकून ताट रिकामं असेल तर पोरगं गावाला गेलेलं. खाडा न टाकता ताट रिकामं राहिलं तर काहीतरी बिघडलेलं. एवढा साधा हिशोब.

तो हिशोब आमच्या मेसमध्ये स्वयंपाक करणाऱ्या आक्का मनात धरायच्या. त्यांना लिहिता येत नव्हतं, पण ८४ पोरांत कोण भाकरी खातो, कोण चपाती, कुणाला वांगं चालत नाही, सगळं पाठ. माझा रूम पार्टनर एम-थ्रीला, म्हणजे इंजिनिअरिंगच्या गणिताच्या पेपरला, दुसऱ्यांदा उडाला, त्या दिवशी मी बाजाराला गेलो होतो. रात्री आक्कांनी मला हाक मारली, "बारा नंबरचं ताट दुपारपासनं तसंच हाय, आन् वहीत बी काय न्हाई. जा, बघून ये." मी जाऊन बघितलं. दार आतून लावलेलं. पुढचं लिहीत नाही, पण आम्ही वेळेत पोचलो. तो आज पाटबंधारे खात्यात मोठा अधिकारी आहे. आक्का गेल्या तेव्हा खांदा द्यायला तो नागपूरहून आला होता.

आता ठेकेदाराच्या मेसमध्ये हे का होत नाही ते सांगतो. ठेका महिन्याच्या रकमेवर असतो. जेवायला न आलेलं पोर हा ठेकेदाराचा नफा. तो कशाला विचारेल, कोण आलं नाही म्हणून? आमच्या मेसमध्ये न टाकलेला खाडा म्हणजे वाया गेलेलं ताट, त्याचा भुर्दंड सगळ्यांच्या बिलात. त्यामुळे सगळ्यांचंच लक्ष. ताई, तुमच्या मेसचा करार एकदा काढून बघा.

तांबडीमाती
अंगावर काटा आला. वाचनखूण साठवली.

रानमोगरा
कोयनाकाठ काका, वाचून रडले. तरी एक भीती वाटते. ही वही रेक्टरच्या टेबलावर गेली की त्याची पण हजेरीच होणार. उपास असतो, डाएट असतं, मेसच्या भाजीचा कंटाळा आला म्हणून बाहेर मिसळ खाल्ली असते. प्रत्येक वेळी उत्तर द्यायचं का?

ओंजळ
मी समुपदेशक आहे, दोन महाविद्यालयांत आठवड्यातून दोन-दोन दिवस जाते. रानमोगराचा मुद्दा महत्त्वाचा आहे. कुणीतरी दखल घेणं आणि कुणीतरी पाळत ठेवणं यात फरक एवढाच, की दार वाजवायला कोण येतं. मैत्रीण आली तर मुलगी दार उघडते. अधिकारी आले तर ती "काही नाही मॅम, बरं वाटत नव्हतं" म्हणते आणि पुढच्या वेळी अंगठा लावायला खाली उतरते.

माझ्या कामाबद्दलही थोडं. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मार्गदर्शक सूचना दिल्या. १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक किंवा मानसशास्त्रज्ञ हवा, हेल्पलाइनचे नंबर हॉस्टेलमध्ये ठळक लावलेले हवेत, आणि शिक्षक व कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण हवं. कर्मचाऱ्यांत झाडणाऱ्या मावशी, मेसवाल्या, वॉचमनदादा सगळे आले. तुमच्या मुलीला मावशींनीच शोधलं ना? मग प्रशिक्षणाची पहिली खुर्ची त्यांना द्या.

आणि एक विनंती. समुपदेशकाची खोली रेक्टरच्या ऑफिसशेजारी देऊ नका. एका कॉलेजात मला ऑफिससमोरचीच खोली होती. सहा आठवड्यांत दोन मुली आल्या, दोघींनी ओढणीने तोंड झाकलं होतं. लायब्ररीमागची जुनी स्टोअर रूम मागून घेतली तेव्हा पुढच्या महिन्यात एकोणीस जणी आल्या. तुमच्या फलकावर टेलिमानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा, १४४१६ लिहा. फोन फुकट आहे, चोवीस तास आहे, आणि मराठीतून बोलता येतं. फलक मात्र नोटीस बोर्डावर लावू नका, तिथे उभं राहून नंबर लिहून घेताना सगळे बघतात. बाथरूमच्या दाराच्या आतल्या बाजूला लावा.

गवतीचहा
बाथरूमच्या दाराची आतली बाजू! वा. पण कडी असेल तरच दार बंद होऊन तो दिसणार बरं का. :)

डोंगरवाट
मी नंदुरबारकडचा. सरकारी आदिवासी वसतिगृहात शिकलो. २०१८ साली आमच्यासारख्या वसतिगृहांतल्या मेस बंद करून जेवणाचे पैसे थेट खात्यात जमा करायचा निर्णय झाला. मोठ्या शहरात महिन्याला ३५०० रुपये. त्याविरुद्ध त्या जुलैत पुण्याहून नाशिकला पायी मोर्चा निघाला, मी चालणाऱ्यांत होतो. लोकांना वाटलं, पोरांना फुकटचं जेवण हवं म्हणून चाललेत. पैसे मिळतच होते, भांडण पैशाचं नव्हतं.

मेस होती तेव्हा साडेआठला घंटा व्हायची. पावरा, भिल्ल, कोकणा, वारली, सगळी पोरं एका ओळीत बसायची. नवीन पोरगं पहिले आठ दिवस मराठीत बोलायला बिचकायचं, पण वाढताना "अजून घे" म्हणायला भाषा लागत नाही. मेस गेल्यावर कुणी खोलीत शेगडीवर खिचडी लावली, कुणी वडापाववर भागवलं, कुणी पैसे घरी पाठवले आणि एक वेळ जेवला. आणि जो तो आपापल्या खोलीत. कोण जेवलं नाही हे कळायची जागाच उरली नाही. कोयनाकाठ दादांची वही लिहायला आधी एक पंगत लागते. ताई, तुमच्याकडे मेस आहे, ती काही झालं तरी जाऊ देऊ नका.

जुनीपेठ
डोंगरवाट यांच्या प्रतिसादावर थोडं लिहितो. मी निवृत्त शिक्षक, स्वतः बोर्डिंगात वाढलेला.

आपल्याकडे वसतिगृह हा शिक्षणाचा पायाच होता. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं, पुढे जैन, मुस्लिम, लिंगायत अशा एकेका समाजासाठी बोर्डिंगं उभी राहिली, १९०८ मध्ये अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग झालं. कर्मवीर भाऊराव पाटील त्यांतल्याच जैन बोर्डिंगात होते. मिस क्लार्कच्या कार्यक्रमाला गेले म्हणून त्यांना आंघोळ करायला सांगितलं, त्यांनी नकार दिला, आणि बोर्डिंग सुटलं. त्याच माणसाने १९२४ मध्ये साताऱ्याला वसतिगृह काढलं आणि सगळ्या जातींची पोरं एका चुलीवर जेवायला बसवली. स्वयंपाक, पाणी, शेण-माती, शेत सगळं पोरांनीच करायचं. धान्य संपलं तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रसुद्धा. त्या घरात पोर जेवलं नाही हे वहीत बघायला लागत नसणार.

माझं म्हणणं एवढंच की मुलींना काम द्या. ठेकेदाराच्या काउंटरवर कूपन देऊन थाळी घेणारी मुलगी गिऱ्हाईक असते. आठवड्यातून एक तास पोळ्या लाटणारी मुलगी घरची होते. पुण्यात विद्यार्थी सहाय्यक समिती १९५५ पासून गावाकडच्या गरजू मुलांसाठी वसतिगृहं चालवते, तिथेही मुलांच्या श्रमावर भर आहे.

रानमोगरा
आजोबा, आदर ठेवून सांगते, मुलींना पोळ्या लाटायला लावू नका. त्या घरी तेच करून आल्यात. बाजार आणणं, हिशोब लिहिणं, ठेकेदाराशी भाव करणं हे द्या. ते आम्हाला कुणी कधी दिलेलं नाही.

जुनीपेठ
पटलं. माझ्या डोळ्यांसमोर मुलांचं बोर्डिंग होतं. हिशोबाची वही द्या.

पवई_पूर्वमजला
आयआयटी मुंबईत होतो. तिथे नव्या मुलांच्या दहा-बारा जणांच्या गटाला एक सीनियर मेंटर असतो. मी मराठी माध्यमातून आलेला, लेक्चरला प्रश्न कळायचा पण हात वर करायची हिंमत नव्हती. माझ्या मेंटरने दुसऱ्या आठवड्यात खोलीत येऊन सांगितलं की त्यालाही पहिल्या सेमिस्टरला एका विषयात नापास ग्रेड होती, आणि मोबाइलवर स्वतःचं गुणपत्रक काढून दाखवलं. मी जेईईत गावात पहिला आलेला, माझ्या ओळखीत कुणी नापास होऊ शकतं हेच मला माहीत नव्हतं. तो मोबाइलचा पडदा मला अजून दिसतो.

आणि पहिल्या भेटीत "रँक किती?" विचारायची सवय मोडा. त्यातून समोरच्याची जात काढायची असते, हे विचारणाऱ्यालाही ठाऊक असतं आणि ज्याला विचारलं त्यालाही. तुमच्या हॉस्टेलात "कोणत्या लिस्टमध्ये लागलीस?" असं विचारत असतील.

ओंजळ
अगदी हेच विचारतात. आणि हे ऐकलेल्या मुली पुढे महिनोनमहिने कॉमन रूममध्ये येत नाहीत. रॅगिंगविरोधी नियम २००९ चे आहेत, प्रतिज्ञापत्र सगळे भरतात, पण असल्या प्रश्नाला कुणी रॅगिंग मानत नाही. ताई, पहिल्याच सभेत हे तुमच्या तोंडून स्पष्ट येऊ दे.

राइनकाठी
जर्मनीत विद्यार्थी वसतिगृहात राहते. प्रत्येकाला वेगळी खोली, पण आमच्या मजल्यावर चौदा जणांत एक स्वयंपाकघर. पहिला महिना मी सगळ्यांची जेवणं आटोपल्यावर रात्री दहाला जाऊन गुपचूप वरण-भात लावायचे, फोडणीचा वास कुणाला आवडला नाही तर, अशा धास्तीने. आमच्या इमारतीत एक विद्यार्थीच ट्यूटर म्हणून नेमलेला आहे, नवीन आलेल्यांना कागदपत्रांपासून डॉक्टरांपर्यंत मदत करतो. त्याने दारावर चिठ्ठी लावली, "तुझ्या जेवणाचा वास रोज रात्री येतो, रविवारी सात वाजता सगळ्यांसाठी करशील का?" चौदा जणांना थालीपीठ केलं, भाजणी आईने दिलेली, सगळी एका दिवसात संपली. सांगायचा मुद्दा, त्याने मला काही दिलं नाही, माझ्याकडे मागितलं. आमच्या गावच्या हॉस्टेलात चार वर्षं कुणी माझ्याकडे काही मागितलं नव्हतं.

शेवंती
सगळ्यांचे मनापासून आभार. तीन दिवस रोज रात्री धागा वाचते आहे. मेसचा करार काढून पाहिला. कोयनाकाठ, तुम्ही म्हणालात तसंच आहे, महिन्याची ठोक रक्कम, खाडा मान्यच नाही. प्राचार्यांशी बोलून घेते. पुढे काय होतं ते इथेच लिहीन.

शेवंती
(दोन महिन्यांनी)
जे झालं ते सांगते.

ठेका मोडता आला नाही, वर्षाचा आहे. पण तीन दिवसांपुढचा खाडा वजा करायचं ठेकेदाराने मान्य केलं, बदल्यात आगाऊ आकडा कळत असल्यामुळे त्याचंही धान्य वाया जात नाही. मुलींनी मेस समिती निवडली. रानमोगराचं ऐकून बाजार आणि हिशोब पाहायला त्या स्वतः जातात. पहिल्याच महिन्यात त्यांनी तूरडाळीच्या भावात किलोमागे अकरा रुपयांचा फरक शोधला.

वहीऐवजी मेसच्या दाराशी लाकडी फळी लावली आहे. १८० खिळे, प्रत्येकावर खोली क्रमांकाचा पत्र्याचा बिल्ला, एका बाजूला लाल रंग, दुसऱ्या बाजूला पांढरा. जेवायला आलीस की पांढरा कर. गावी गेलीस की बिल्ला काढून डब्यात टाक. रात्री लाल राहिलेले बिल्ले त्या-त्या मजल्यावरची मुलगी बघते, दोन रात्री लाल दिसला तर दार वाजवते. ही यादी माझ्याकडे येत नाही, घरी तर नाहीच. जिवाचा प्रश्न असेल तर मला रात्री कधीही उठवायचं, एवढंच ठरलं आहे. हे मी सभेत सांगितलं तेव्हा मागे बसलेल्या एका मुलीने विचारलं, "नक्की ना मॅडम?" तिला लिहून दिलं.

गेल्या पंधरवड्यात एक बिल्ला सलग रात्रीचा लाल राहायला लागला. दुपारी पांढरा, रात्री लाल. मजल्यावरची मुलगी गेली. ताप नव्हता, रडत नव्हती, अभ्यास करत बसली होती. शिष्यवृत्तीचा हप्ता आला नव्हता, मेसचे पैसे थकले होते, कुणी मागायच्या आत आपणच एक वेळ सोडावी असं तिने ठरवलं होतं. रोज रात्री पार्ले बिस्किटं आणि पाणी. तिच्या शेजारच्या खाटेवरच्या मुलींनाही ती "भूक नाही" एवढंच सांगत होती. मुलींनी मला सांगितलं, तिच्या परवानगीने. आता समितीने डाळीत वाचलेले पैसे वेगळे ठेवले आहेत, हप्ता येईपर्यंत कुणाचंही मेसचं बिल त्यातून जातं, नाव फक्त हिशोब लिहिणारीला माहीत.

त्या मुलीने परवा मला विचारलं की ती काय करू शकते. राइनकाठी, मला तुमची आठवण झाली. तिच्या आईच्या हातचं हुलग्याचं माडगं ती छान करते असं कळलं होतं. म्हटलं, रविवारी १८० जणींसाठी करशील का?

राइनकाठी
ताई. मी लायब्ररीत बसून रडते आहे आणि समोरचा मुलगा पाण्याची बाटली पुढे करतो आहे.

हुरडा
१८० जणींले माडगं म्हणजे हुलग्याचं पीठ अंदाजे सात-आठ किलो धरा, गूळ वेगळा. हुलगे आधी भाजून घ्या नाहीतर उग्र लागते. आन् पीठ गार पाण्यात कालवूनच आधणात सोडा, नाहीतर एवढ्या मोठ्या पातेल्यात गुठळ्या मोडता मोडत नाहीत.

मांजराकाठ
त्या राखीव पैशांत पालकांना भर घालायची असेल तर चालेल का? माझी मुलगी तुमच्याकडे नाही, तरी विचारतो.

शेवंती
समितीला विचारते, काका. निर्णय त्यांचा.

गवतीचहा
सगळं वाचलं, डोळे भरून आले. पण ताई, कड्या?

शेवंती
बसल्या. बावीस बाथरूम, बावीस कड्या, झाकणाचे डबेही आले. १४४१६ दाराच्या आतल्या बाजूला चिकटवला आहे. गरम पाणी अजून नाही, सोलरची टाकी गळते, माणूस सोमवारी येतो म्हणाला आहे.